दुरुस्त करावं की नवंच घ्यावं? (घरातली विजेची उपकरणं, मुंबई)

पार्लेकर

मिक्सर बंद पडला, पंखा मंदावला, टीव्हीचा आवाज येतो पण चित्र नाही, की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "जाऊ दे, नवीनच घेऊ." सणाच्या ऑफर असतात, हप्ते बिनव्याजी असतात, जुनी वस्तू उचलून न्यायला माणूस घरी येतो. मग नेमकं काय बिघडलंय हे कुणी विचारतच नाही.

माझं मत असं की गेलेल्या भागाचं नाव कळल्याशिवाय 'नवं घ्यायचं का' हा प्रश्नच उभा राहत नाही. "मोटर गेली", "बोर्ड गेला", "काँप्रेसर गेला" या तीन वाक्यांवर मुंबईत धडधाकट वस्तू भंगारात जातात, आणि पुष्कळदा गेलेला असतो तो शंभर-दोनशे रुपयांचा भाग.

जाणकारांनी लिहावं: कुठल्या वस्तूत आधी काय जातं, घरच्या घरी ओळखायचं कसं, सुटा भाग कुठे मिळतो, आणि कुठे खरोखरच नाद सोडून द्यावा? ब्रँडवरून वाद मात्र इथे नकोत.

वीजतंत्री

चांगला विषय. पंख्यापासून सुरुवात करतो.

जुन्या पद्धतीचा छताचा पंखा मंदावला, किंवा बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलल्यावर फिरतो, तर दहापैकी नऊ वेळा मोटर ठीक असते आणि कपॅसिटर गेलेला असतो. दुकानात 'पंख्याचा कंडेन्सर' म्हणून मागा. बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, काहींना ३.१५ चा. जुन्यावर आकडा छापलेला असतो, तो बघूनच घ्या. किंमत शंभराच्या आत.

बदलताना भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला, जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) खाली करा. जुन्या इमारतींत बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसवलेलं सापडतं, म्हणजे बटण बंद असूनही पंख्यात वीज असते. टेस्टर लावून खात्री करा. मोटरच्या वर दांडीला जी वाटी असते ती स्क्रू सैल करून सरकवली की कपॅसिटर दिसतो. त्याच्या दोन वायरींची टोकं प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवा, उरलेला चार्ज निघून जातो. मग जुन्या वायरी जिथे होत्या तिथेच नव्याच्या जोडा. उलटसुलट होण्याचा प्रश्न नाही, याला धन-ऋण नसतं.

"मोठ्या आकड्याचा टाका, पंखा जोरात फिरेल" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वाइंडिंग तापतं आणि मग मोटर खरोखरच जाते.

मीनल_मुलुंड

मिक्सरबद्दल लिहिते.

मिक्सरमध्ये सगळ्यात आधी जातो तो कपलर, म्हणजे भांडं जिथे बसतं तिथली दातेरी चकती. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. पातं अडकलं तर मोटर जळण्याऐवजी चकतीचे दाते झिजावेत, अशी योजना आहे. खूण सोपी: मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही किंवा अडखळतं. चकती स्टेशनबाहेरच्या कुठल्याही मिक्सर-कुकरवाल्याकडे मिळते. काढताना एक लक्षात ठेवा, बऱ्याच मिक्सरमध्ये तिचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने सुटली नाही तर जोर न लावता उलट्या दिशेने बघा.

मिक्सर एकदम बंद पडून अजिबात आवाज करत नसेल तर आधी पालथा करा. खाली लाल बटण असतं, ते ओव्हरलोडमुळे बाहेर आलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, आत दाबा. इडलीचं पीठ किंवा ओलं खोबरं घट्ट वाटताना हे हमखास होतं. पाणी कमी आणि भांडं गळ्यापर्यंत भरलेलं, हे कारण.

खालच्या फटीतून ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो, तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे) संपलेत. जोडीने बदलतात, एकच बदलू नये.

आणि खरा शत्रू म्हणजे भांड्याची गळकी बुश, म्हणजे पात्याच्या दांडीभोवतीची नळी. भांड्याखाली ओलं दिसायला लागलं की पातं-बुश त्याच आठवड्यात बदलून घ्या. तेच पाणी कपलरमधून खाली मोटरच्या बेअरिंगवर उतरतं. मोटर जाते ती बहुतेक अशी.

खारी_बिस्किट

लाल बटणाला +१. त्या एका बटणापायी किती मिक्सर दुकानात जाऊन आले असतील.

हिशेबी

पंख्याबाबत मात्र मी वेगळं म्हणेन. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पूर्ण वेगाला २८ ते ३५. फरक ४० वॉट धरा. मुंबईत हॉलचा पंखा दिवसाला पंधरा तास सहज चालतो, म्हणजे रोज ०.६ युनिट, महिन्याला १८. युनिटमागे आठ रुपये धरले तर १४४ रुपये महिना. तीन हजाराचा पंखा पावणेदोन वर्षांत आपले पैसे फेडतो. मग त्या जुन्या मोटरवर जीव लावण्यात काय अर्थ? कंडेन्सर शंभर रुपयांचा आहे हे खरं, पण पुढची दहा वर्षं जास्तीची वीज आपण भरतच राहतो.

फ्रिजचं तर याहून स्पष्ट आहे, तो चोवीस तास चालू. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. जुन्या लेबलावरचा आकडा आणि नव्याचा आकडा यांची वजाबाकी करा, दराने गुणा, मग बोला. फक्त तारे मोजू नका. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच नव्हेत.

वीजतंत्री

हिशेबी, तुमचं गणित बरोबर आहे, पण फक्त हॉलच्या पंख्यापुरतं. पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला दोन तास चालणारा पंखा याच हिशेबाने पैसे फेडायला तेरा-चौदा वर्षं घेईल. तिथे कंडेन्सरच टाकावा.

दुसरं, बीएलडीसीत कपॅसिटर-बेअरिंगऐवजी बोर्ड (आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) जातो, आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. बाजारात सुटा मिळेलच असं नाही. म्हणून घेताना किमतीपेक्षा दोन गोष्टी विचारा: बोर्डावर वॉरंटी किती वर्षं, आणि वॉरंटीनंतर बोर्ड विकत मिळेल का. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका, तो फुलवर ठेवून भागत नाही. इलेक्ट्रिशियन आळस करतात आणि बोर्ड लवकर जातो.

थंड_घ्या

फ्रिज आणि एसी हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर.

एसी: "गॅस संपला" हे वाक्य ऐकलं की विचारा, "गेला कुठून?" गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस तेच बिल घेऊन येतो. रीतसर काम असं: नायट्रोजन भरून दाब धरतो का बघायचं, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे, गळती बंद करायची, मग व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल पूर्ण खेचायची, आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. किती ग्रॅम ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ज्याच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप आणि काटा नाही, त्याच्याकडून गॅस भरून घेऊ नका. हल्लीच्या आर-३२ गॅसला थोडीशी ज्वलनशीलता आहे, त्यामुळे पाइपात गॅस असताना कुणी झाळायची बत्ती पेटवू लागला तर थांबवा.

आधी जोड तपासून घ्या. बाहेरच्या युनिटला पाइप जिथे पितळी नटाने जोडतात, तिथली गळती सगळ्यात स्वस्तात सुटते. आतल्या युनिटची कॉइलच सडली असेल तर प्रश्न वेगळा. समुद्रकिनारी खारट हवेने आणि नाल्याकाठी सांडपाण्यातून निघणाऱ्या वायूने तांबं खाल्लं जातं. वर्सोवा, माहीम, नाल्यालगतच्या इमारती, इथे हे पुन्हा पुन्हा दिसतं. कॉइलला एकदा झाळून दिलं तरी शेजारी दुसरं छिद्र पडतं, तिथे कॉइल बदलणं किंवा एसी बदलणं हेच दोन पर्याय. वय सात-आठच्या पुढे असेल तर मी स्वतः एसी बदला म्हणून सांगतो.

फ्रिज: दिवा लागतो, थंड होत नाही, आणि मागून दर काही मिनिटांनी 'टिक्' असा आवाज येतो, तर काँप्रेसर मेला असं लगेच मानू नका. काँप्रेसरला चिकटून रिले आणि ओव्हरलोड असे दोन छोटे भाग असतात. रिले गेला की काँप्रेसर सुरू व्हायला बघतो, जमत नाही, ओव्हरलोड त्याला बंद करतो, तोच तो आवाज. दोन्ही मिळून काही शेकड्यांचं काम. रिले काढून कानाशी हलवला आणि आत खुळखुळ वाजली तर तो फुटलेला आहे. हे जुन्या, साध्या काँप्रेसरचं. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये असा रिले नसतो, तिथे बोर्ड काँप्रेसर चालवतो.

वर बर्फ आणि खाली कोमट, हे नो-फ्रॉस्टमध्ये झालं तर बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा थर्मल फ्यूज किंवा सेन्सर यांपैकी एक गेलाय. फ्रीझरच्या आतली मागची जाळी बर्फाने बंद होते आणि हवा खाली पोचत नाही. यातही गॅसचा काही संबंध नाही.

हिशेबी

थंड_घ्या, ही माहिती सोन्याची आहे. वाचनखूण साठवली.

घड्याळाचे_काटे

सगळं पटतं, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाही: वेळ. मुंबईत नवरा-बायको दोघं सकाळी आठला घर सोडतात. "दहा ते सहा यामध्ये कधीही येऊ" म्हणणाऱ्या मेकॅनिकसाठी कुणीतरी रजा टाकायची. तो येतो, उघडतो, "पार्ट मागवावा लागेल" म्हणतो. दुसरी रजा. पार्ट चुकीचा निघतो. तिसरी रजा. तीन दिवसांचा पगार आणि तीन दिवस धुण्याचा ढीग, हे धरलं तर वॉशिंग मशीन नवीन घेणाऱ्याला मी उधळा म्हणणार नाही. दुरुस्ती स्वस्त आहे ती ज्याच्या घरी दिवसा कुणीतरी असतं त्याला.

मीनल_मुलुंड

काटे, मुद्दा रास्त आहे. पण तीन फेऱ्यांची एक फेरी करता येते, त्यासाठी फोन करण्याआधी तयारी लागते.

मशीनच्या दारामागे किंवा पाठीमागे चिकटवलेल्या पट्टीचा फोटो काढा, मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही वाचता येतील असा. आवाजाचा किंवा मशीनवर दिसणाऱ्या एरर कोडचा वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. दोन्ही व्हॉट्सअॅपवर आधी पाठवा आणि सांगा, "यावरून जो पार्ट वाटतो तो घेऊनच या." भेटीचे पैसे वेगळे की दुरुस्तीत वळते, हे फोनवरच ठरवा. जुना काढलेला भाग परत मागा.

वॉशिंग मशीनमध्ये तर निम्म्या वेळा माणूस बोलवायची गरजच नसते. पाणी हळू भरतंय किंवा भरतच नाही: नळ बंद करून मागचा पाइप सोडवा, मशीनच्या तोंडाशी छोटी जाळी असते, पक्कडीने ओढा, गाळ धुवा. पाणी बाहेर जात नाही: फ्रंट लोडला खाली उजवीकडे किंवा डावीकडे झाकण असतं, त्यात पंपाची जाळी. उघडण्याआधी खाली ताट आणि फडकं ठेवा, दोन-तीन लिटर पाणी बाहेर येतं. आत नाणी, हेअरपिन, ब्लाउजचे हुक सापडतात.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या सोसायटीत हीटरवर क्षार बसतो. तिथे महिन्या-दोन महिन्यांनी शंभर ग्रॅम सायट्रिक अॅसिड रिकाम्या ड्रममध्ये टाकून गरम पाण्याची सायकल चालवा. नुसतं पालिकेचं पाणी असेल तर ते मऊ असतं, एवढं वारंवार लागत नाही.

थंड_घ्या

वॉशिंग मशीनच्या एका दुखण्याला मात्र मी 'बदला' म्हणतो. फ्रंट लोड स्पिनला विमानासारखी घरघर करू लागलं आणि ड्रम हाताने वर-खाली हलतोय, तर बेअरिंग गेलं. पूर्वी टब दोन भागांत स्क्रूने जोडलेला असायचा, बेअरिंग आणि सील बदलता यायचं. आता बऱ्याच मॉडेलमध्ये टब कारखान्यातच वितळवून बंद केलेला असतो. बेअरिंग काही शेकड्यांचं, पण त्यासाठी अख्खा टब घ्यावा लागतो आणि मजुरी वेगळी. खरेदी करतानाच विचारायचा प्रश्न हा: टब उघडतो की नाही? सेल्समनला उत्तर माहीत नसतं, सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

काळा_पडदा

टीव्हीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून.

आवाज येतो, चित्र नाही. खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही चालू ठेवा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका टेकवून नीट बघा. अंधूक हलती आकृती दिसली तर पॅनल जिवंत आहे आणि मागची एलईडीची पट्टी गेलीय. पट्ट्यांचा सेट मिळतो, दुरुस्ती होते. एका पट्टीतला एक दिवा गेला तरी सगळा सेट बदलून घ्या, बाकीचे त्याच वयाचे असतात. हे काम घरी करू नका. पॅनल काचेच्या कागदासारखं असतं, उचलायला दोन माणसं लागतात आणि कडेच्या रिबनला धक्का लागला की उभ्या रेघा येतात, त्या जात नाहीत.

आपोआप आलेल्या उभ्या रेघा किंवा फुटलेला पडदा म्हणजे पॅनलचं काम. ते जवळजवळ नव्या टीव्हीच्या किमतीला जातं. तिथे थांबा.

टीव्ही नवा असो की दुरुस्त केलेला, सेटिंगमधला बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर आणा. दुकानात चमकावा म्हणून तो पूर्ण ठेवलेला असतो. पट्ट्या त्यानेच लवकर जळतात.

खारी_बिस्किट

अवांतर: टीव्ही-एसीचा रिमोट फेकण्याआधी त्याचं नाक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक, दोष समोरच्या वस्तूत. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा, काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला तो प्रकाश अडवणारी काच असते.

पार्लेकर

अवांतर कसलं, हेच हवं होतं. असंच चालू राहू दे.

गिरगावची_गॅलरी

एक महत्त्वाचं राहिलं. एकाच दिवशी टीव्ही, राउटर आणि फ्रिज असे तिन्ही गेले तर एकेका वस्तूच्या मागे लागू नका. इमारतीचा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. तीन फेजच्या जुन्या इमारतींत आणि चाळींत मीटर रूममधली न्यूट्रलची जोडणी गंजून सैल होते. मग घरात २३० ऐवजी चारशेच्या घरात व्होल्टेज येऊ शकतं, आणि त्याच वेळी शेजाऱ्याकडे दिवे मिणमिणतात. एका घरात दिवे झगझगीत, दुसऱ्यात मंद, हे दिसलं की मेन बंद करा आणि लगेच वीज कंपनीला कळवा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दुरुस्तीनंतर मेकॅनिककडून व्होल्टेज मोजून घ्या आणि मगच वस्तू लावा, नाहीतर नवा बोर्डही जाईल.

त्याच मीटर रूममध्ये अर्थिंग आहे का तेही बघून घ्या. कितीतरी चाळींत तिसऱ्या पिनेचं भोक नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नसते. गीझर आणि वॉशिंग मशीनला हे जिवावर बेतू शकतं. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवणं ही कुठल्याही दुरुस्तीच्या आधीची गोष्ट आहे.

वीजतंत्री

गॅलरीताईंना पूर्ण अनुमोदन. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडली नाही तर ती निरुपयोगी आहे, बदला.

सुटे भाग कुठे, हे विचारलं होतं. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. सुटा कपॅसिटर, आयसी, फ्यूज, अॅडॉप्टर, रिमोट, सोल्डरिंगचं सामान, एक नग मागितला तरी देतात. वायर, स्विच, एमसीबी लोहार चाळीत. बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, छताच्या पंख्यात बहुधा ६२०१ आणि ६२०२, तो वाचून सांगितला की झालं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद.

नियम एकच: जुना भाग खिशात घेऊन जा. फोटो पुरत नाही, कारण आकडा सारखा असला तरी पायांमधलं अंतर किंवा भोकाचा व्यास वेगळा निघतो.

ठाण्याचा_शिवा

इंडक्शन आणि मायक्रोवेव्हबद्दल थोडक्यात.

इंडक्शन शेगडी एकदम मरते त्यामागे मुंबईत पुष्कळदा झुरळं असतात. आत ऊब असते, पंख्याच्या जाळीतून शिरतात, बोर्डावर शॉर्ट होतं. मग फ्यूज आणि मोठा ट्रान्झिस्टर, ज्याला आयजीबीटी म्हणतात, ते जातात. दोन्ही मिळतात, लॅमिंग्टन रोडवर बसवूनही देतात. वापर झाल्यावर शेगडी ओट्यावर खरकट्याशेजारी ठेवू नका, आणि पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका.

मायक्रोवेव्हमध्ये चटचट ठिणग्या उडाल्या तर आतल्या भिंतीवरची पुठ्ठ्यासारखी राखाडी अभ्रकाची पट्टी बघा. तिच्यावर तेल उडून ती जळलेली असते. मोठा तुकडा घेऊन कात्रीने मापात कापता येतो. एवढंच घरी करायचं. मायक्रोवेव्हचं बाहेरचं कव्हर कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या वरचा चार्ज राहू शकतो.

घड्याळाचे_काटे

मोबाइलचं काय? तिथे तर सगळे दोन-तीन वर्षांत बदलतात.

काळा_पडदा

मोबाइलला दोन वेगवेगळी वयं असतात. एक बॅटरीचं, एक सॉफ्टवेअरचं. बॅटरी साधारण पाचशे ते हजार पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते, ती बदलता येते. सुरक्षा अपडेट बंद झाले की मात्र बदलायला काही उरत नाही, आणि ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे तो अपडेटविना वापरणं धोक्याचं. म्हणून दुरुस्तीआधी सेटिंगमध्ये शेवटचा सुरक्षा अपडेट कुठल्या तारखेचा आहे ते बघा. अजून दोन वर्षं मिळणार असतील तर बॅटरी खुशाल बदला. तारीख दोन वर्षं जुनी असेल तर पैसे घालू नका.

चार्ज होत नाही म्हणून नेण्याआधी चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारा. खिशातला कापूस आत दाबून बसतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई-पिन नको. पावसात भिजला तर चार्जर लावायचा नाही, बंद करून पंख्याखाली ठेवायचा. तांदळाच्या डब्याने काही होत नाही, उलट पिठूर भोकात जाते.

मागचं झाकण फुगून उचललं गेलं असेल तर तो फोन दाबू नका, चार्ज करू नका, गादीवर ठेवू नका. बॅटरी फुगलीय, दुकान गाठा.

आणि दुकानात देताना सिम काढून घ्या. ओटीपी त्यावरच येतात. काही फोनमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असतो, तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमचे फोटो-अॅप दिसत नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून देण्याची पद्धत बंद करा.

हिशेबी

लॅपटॉपलाही हेच लागू. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बरेच जुने लॅपटॉप ११ च्या अटींत बसत नाहीत. पण त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) घाला, मुलांच्या अभ्यासाला आणि ब्राउझरला मशीन मस्त चालतं. इथे मी दुरुस्तीच्याच बाजूने आहे.

गिरगावची_गॅलरी

कंपनीवाले पार्ट नाही म्हणाले, किंवा वॉरंटीत असून टोलवाटोलवी केली, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. त्यावर बऱ्याच कंपन्यांची माहितीपत्रकं, सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती एका जागी मिळते.

वॉरंटीचं कार्ड मात्र नीट वाचा. 'दहा वर्षं वॉरंटी' असं मोठ्या अक्षरात असतं ते बहुधा फक्त काँप्रेसरला किंवा मोटरला. गॅस, बोर्ड, भेट आणि मजुरी त्यात नसते.

आणि कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका, त्यात खोटे नंबर पेरलेले असतात. बिलावरचा किंवा वस्तूवरच्या पट्टीवरचाच घ्या. समोरचा "एक अॅप टाका, स्क्रीन दाखवा" म्हणाला की फोन ठेवा.

ठाण्याचा_शिवा

नाद कुठे सोडायचा याबद्दल माझं मत: गीझरची टाकी गळू लागली की संपलं. हीटर, थर्मोस्टॅट, आतली मॅग्नेशियमची कांडी हे सगळं बदलता येतं, टाकी नाही. तिला बाहेरून एम-सील फासून दाबाखाली चालवणारे लोक आहेत, ते करू नका. ती कांडी दोन-तीन वर्षांनी तपासली असती तर टाकी वाचते, पण कांडी असते हेच कुणी सांगत नाही.

टाकाऊ झालेलं ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुन्या मालाची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी आहे. कंपनीच्या साइटवर संकलन केंद्र दिलेलं असतं. भंगारवाल्याला फ्रिज दिला तर तो तांब्यासाठी पाइप कापतो आणि गॅस हवेत सोडून देतो.

पार्लेकर

धागा सार्थकी लागला. आता एक थेट प्रश्न. आमच्या मजल्यावरच्या आजोबांचा एक दरवाजाचा साधा फ्रिज, दिवा लागतो, थंड होत नाही. टिक् आवाज नाही. काँप्रेसर हाताला गरम लागतो आणि सतत चालू आहे. मेकॅनिक "गॅस भरू" म्हणतोय. भरू द्यावं का?

थंड_घ्या

लगेच नको. काँप्रेसर चालतोय म्हणजे रिले ठीक. मागची काळी जाळी धुळीने भरलीय का बघा, ब्रशने साफ करा, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय. हे दोन्ही करून चोवीस तास थांबा.

तरी थंड झाला नाही तर मागच्या जाळीला हात लावा. जाळी गार आणि फ्रीझरमध्ये फक्त एका कोपऱ्यात बर्फाचा पट्टा असेल, तर गॅस कमी आहे, म्हणजे गळती आहे. ती कुठे आहे हे त्याने आधी दाखवायचं. फ्रीझरचा डबा सुरीने खरवडून बर्फ काढताना टोचला गेला असेल तर छिद्र डोळ्यांना दिसतं आणि दुरुस्त होतं. गळती भिंतीच्या फोममधल्या पाइपात असेल तर तो भाग बंद करून बाहेरून नवी जाळी बसवावी लागते. तेवढ्या खर्चात आजोबांना तीन-चार वर्षं मिळतील, पण त्याने लेखी सहा महिन्यांची हमी दिली तरच करा. आणि गॅस भरताना फिल्टर-ड्रायर नवीन टाकायला सांगा, पेन्सिलीएवढी तांब्याची नळी असते. ती जुनीच ठेवली तर ओल बारीक नळीत गोठते आणि फ्रिज पुन्हा बंद.

पार्लेकर

दारात कागद धरून पाहिला, वरच्या कोपऱ्यात सरळ निघून आला. रबर फ्रेमच्या खाचेतलं आहे, स्क्रूचं नाही.

थंड_घ्या

मग रबर आधी. खाचेतलं हाताने ओढून निघतं. नवं आणलं की ते घडी पडलेलं असतं, गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवून सरळ करा, चारही कोपरे आधी बसवा आणि मग मधला भाग. मापासाठी जुनं रबर सोबत न्या, नाहीतर दाराची लांबी-रुंदी खाचेपासून खाचेपर्यंत मोजा, दाराच्या बाहेरच्या कडेपासून नाही. गॅसवाल्याला तोवर थांबवा.